चिंधीकडची मासोळी

वहिनी, तुझा ड्रम अंगणात अजून तसाच उभा आहे. तेरवीचा मांडव घालायचा म्हणून दोघा-तिघांनी तो बाजूला सरकवायला हात लावला, तर दादा खाटेवरून ओरडला, "तिच्या ड्रमले हात लावाचा नाई कोनं!" तू गेल्यापासून तुझा नवरा मोठ्या आवाजात बोलला ते एवढंच. मग मांडव ड्रमला वळसा घालून पडला आणि जेवणारी माणसं त्या काळ्या पत्र्याकडे पाठ करून बसली. तुला हसू आलं असतं.

पाहुणे पांगले तेव्हा खरी पंचाईत समोर आली. दादा जेवत नव्हता. सुतकात माणसाचं खाणं कमी होतं, हे सगळे समजून घेतात. पण ज्याची मूत्रपिंडं गेलीत, ज्याला चांदूर बाजारहून अमरावतीला नेऊन डायलिसिसच्या मशीनवर झोपवावं लागतं, त्याचं न जेवणं निराळं. पोरीनं, तुझ्या रंजनानं, अंड्याचा पांढरा भाग उकडून दिला, तो त्यानं ताटातच ठेवला. दही दिलं, तोंड फिरवलं. मशीनवरून उठताना त्याचा पाय लटपटला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, रक्तातलं प्रोटीन खाली चाललंय, मशीन दर वेळी त्यातलं थोडं घेऊन जाते, आणि वरून काही येतच नाही. असंच चाललं तर पुढे मशीन सोसायची नाही. मशीन सोसली नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. जन्मभर लोकांचे रक्ताचे रिपोर्ट लिहिलेत मी, मला सांगायची गरजही नव्हती.

त्या दिवशी परतताना गाडीत मी दादाला म्हटलं, "दादा, काय खाशीन ते सांग. काहीही सांग. मी आणतो."

त्यानं तोंड खिडकीबाहेरच्या तुरीकडे वळवलं. मग म्हणाला, "धुराची."

मला इतका राग आला, वहिनी, की मी ड्रायव्हरला काच खाली करायला लावली. दादाचा नव्हे, तुझा राग आला. ज्या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो, ती तू मेल्यावर बरोबर माझ्याच गळ्यात बांधून गेलीस.

तू या घरात आलीस तेव्हा मी सातवीत होतो. मी तुला पहिल्या दिवसापासून "तू" म्हणायचो आणि तू मला, नाक पुसायची अक्कल नसलेल्या पोराला, "भाऊजी, तुमी" म्हणायचीस. आपलं घर धरणावरून मासोळी आणून बाजारात विकणाऱ्यांचं. बाजार उठल्यावर जे उरायचं ते आई पडेल भावात देऊन टाकायची, नाहीतर शेजारी वाटायची. तू आलीस आणि उरलेली मासोळी देणं बंद झालं. तुझं माहेर पूर्णेच्या काठचं, तिथे ती धुरावर धरत. तू बाबांकडून डांबराचा जुना ड्रम मिळवलास, तो जाळून, घासून, पुन्हा जाळून स्वच्छ केलास, वरच्या तोंडाशी दोन सळ्या आडव्या बसवल्यास. पोट फाडून धुतलेली रोहू, कधी वाम, नशीब असलं तर मरळ, हळद-मिठाच्या पाण्यातून काढून सावलीत निथळायची. मग कल्ल्यातून तार ओवून सळीला टांगायची आणि खाली जाळ न होऊ देता नुसता धूर धरायचा. वरून ओलं पोतं. सकाळी पांढरी असलेली मासोळी दुपार कलताना जुन्या गुळाच्या रंगाची होऊन बाहेर यायची. अख्ख्या गल्लीला कळायचं की आज आपल्याकडे काय आहे.

आणि मग तू तिचं जे करायचीस ना! पावसाळ्यात आंबाडीच्या भाजीत तिचे तुकडे. हिवाळ्यात वांग्यात. घाई असली की काटे काढून, हातानं कुस्करून, कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि वरून जवसाच्या तेलाची धार, बरोबर जवारीची गरम भाकर. ताज्या मासोळीच्या रश्श्याला जो मसाला लागतो त्याच्या पावभरही याला लागत नाही, कारण चव धुरानंच आणलेली असते. मी शिकायला अकोल्याला गेलो तेव्हा तू डब्यात तीच बांधून द्यायचीस. खोलीवरची पोरं आधी नाकं मुरडायची आणि नंतर माझ्याआधी डबा उघडायची. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला तू मरळच द्यायचीस. धुरानं पाणी उडून जातं, म्हणून लहानशा तुकड्यात बरंच प्रोटीन मावतं, आणि मऊ काटा चावून खाल्ला तर हाडाला चुना मिळतो. हे मला पुढे पुस्तकात सापडलं आणि मी मोठ्या ऐटीत तुला सांगायला आलो. तू म्हणालीस, "बरं झालं, तुमच्या पुस्तकालेबी मासोळी आवडते."

पण पुस्तकात पुढचं पानही होतं, वहिनी. त्या पानावरून आपलं जुंपलं.

मी अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे, लहानशी लॅब टाकली होती. महिन्यातून एकदा घरी यायचो आणि आल्या आल्या नाक वर करायचो. मीठ किती घालतेस? वरची काजळी का खाता? ती पोटात जाऊ देऊ नये. पावसाळ्यात या मासोळीवर बुरशी आलीय, ती पुसून चालत नाही, फेकावी लागते. तू बुरशी पुसून पुन्हा धूर देणारी आणि मी ते टोपलं उचलून उकिरड्यावर ओतणारा. एकदा तर तू ते टोपलं दुसऱ्या बाजूनं धरलंस आणि आपण दोघं अंगणात ओढाताण करत उभे राहिलो.

"मीठ नाई लावलं तं मासोळी टिकन कशी?" तू म्हणायचीस. "तुमचा मायक्रोस्कोप राखन करन काय तिची?"

"मिठानं नस फुटते डोक्यातली. मी रोज पाहतो."

"तुमी रोज बिमारच पायता भाऊजी. मनून तुमाले सारे बिमारच दिसते."

काजळीची साल तू पुढे सोलायला लागलीस, हे मी पाहिलंय. बुरशीची मासोळी तू फेकू लागलीस, हेही रंजनानं सांगितलंय. माझ्या तोंडावर मात्र तू जन्मात कधी "तुमचं खरं आहे" म्हणाली नाहीस.

मग दादाची मूत्रपिंडं गेली आणि भांडणातली गंमतच संपली. मी अमरावतीहून त्याला घरी सोडलं आणि तुला अंगणात उभं करून बजावलं, की पाणी मोजून, मीठ जवळपास बंद, आणि धुराची मासोळी दारातूनसुद्धा आत यायची नाही. तू पदर तोंडाला लावून ऐकून घेतलंस आणि "बरं" म्हणालीस. इतक्या लवकर तू "बरं" म्हणालीस तेव्हाच मला शंका आली.

पुढच्या खेपेला आलो तर घरभर धुराचा वास. दादाच्या शर्टाला वास, उशीला वास. मी सरळ चुलीपाशी गेलो. "वहिनी, तू त्याला ती देतेस?"

तू भाकर थापत होतीस. थापतच राहिलीस.

"बोल ना. देतेस का?"

"मी काय वैरीन हाय काय त्यायची?"

"देतेस का ते सांग."

"भाकर खा, गरम हाय."

झालं. तू पुढची भाकर तव्यावर टाकलीस. मी खाटेपाशी जाऊन दादाच्या घोट्यावर अंगठा दाबला. अशा आजारात मीठ खाणाऱ्याचं पाऊल सुजतं, दाबलं तर खड्डा राहतो. खड्डा नव्हता. मशीनवर जाण्याआधीचं वजन पाहिलं, तेही फारसं वाढलेलं नाही. मी रिपोर्टवर विसंबणारा माणूस, पण त्या दिवशी मी नाकावर विसंबलो. म्हटलं, आज नाही सुजलं तर उद्या सुजेल. आणि त्यानंतर मी महिन्यातून एकदा येणारा, दर आठवड्याला येऊ लागलो. एसटीतून उतरलो की थेट चुलीपाशी. मी विचारायचो, तू भाकर पुढे सारायचीस. दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला वाटायचं त्याला लाज वाटते.

तुझं बीपी मात्र तू मला कधी मोजू दिलं नाहीस. मी पट्टा काढला की तू गायीला पाणी दाखवायला निघायचीस. एकदा कसाबसा दंडाला बांधला तर म्हणालीस, "हात करकचून आवळता अन् मंग मनता बीपी वाढला. आवळल्यावर वाढनच ना!" आणि पट्टा सोडून माझ्या हातात दिलास. डोकं दुखतं म्हणून कपाळाला सुंठ लावून फिरायचीस. एक दिवस सकाळी पाणी भरताना ड्रमाजवळ खाली बसलीस ती उठलीच नाहीस. नस फुटली, डॉक्टर म्हणाले. बीपी बरंच जुनं असावं. मी रडलो की ओरडलो ते आता आठवत नाही. रंजना म्हणते, काका तुम्ही मायशी भांडत होते.

तर गाडीत दादानं मागितली ती "धुराची". मी रंजनाला म्हटलं, करायची. बिनमिठाची करायची आणि ताजी खाऊ घालायची. टिकवायची नाहीच, मग मीठ हवंय कशाला? चांगली जाडजूड रोहू आणली, साफ केली, हळदीच्या पाण्यातून काढून निथळली. ड्रमात वाकून पाहिलं तर दोन सळ्या. एका सळीच्या टोकाला तुझ्या लुगड्याची तांबडी चिंधी गुंडाळलेली. तापलेली सळी धरायला बांधली असशील असं वाटलं. हाताला बरी म्हणून त्याच सळीला मासोळी टांगली. आता धूर. गोठ्याशेजारी पऱ्हाटीचा ढीग रचलेला होता, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली, कडकडीत वाळलेली. आपल्याकडे चूल पेटवायची तर माणूस डोळे मिटून पऱ्हाटीच उचलतो. मीही दोन कवळे उचलले.

धूर निघाला तो पिवळट आणि उग्र. रंजनाला ठसका लागला, माझ्या डोळ्यांतून पाणी. आत खाटेवर दादा खोकायला लागला आणि खोकता खोकताच उठून बसला.

"पऱ्हाटी कोनं जाळली बे गजा? फवारलेली हाय ते! जहर खाऊ घालतं काय मले?"

वहिनी, मी लॅबवाला. औषध फवारलेल्या शेतातून आलेल्या माणसांचं रक्त तपासलंय मी या हातांनी. आणि त्याच शेतातल्या काड्यांच्या धुरावर आजारी भावाचं जेवण टांगून बसलो होतो. मासोळी काढून तुकडा मोडून हुंगला तर जीभ न लावताच कडूपणा कळला. खड्डा खणून पुरली, कुत्र्यानंही खाऊ नये म्हणून. दादा पुन्हा आडवा झाला. दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी होती आणि त्या दिवशीही त्याच्या पोटात काही गेलं नाही. मशीनवर त्याचं बीपी इतकं खाली आलं की अर्ध्यातच थांबवावं लागलं. घरी आणताना तो माझ्या खांद्यावर होता आणि मला त्याचं ओझं लागत नव्हतं, इतका हलका झाला होता.

मी फाटकापाशी उभा राहून तुला शिव्या दिल्या. खोटं कशाला सांगू? म्हटलं, तुला सगळं येत होतं तर कुणाला शिकवलं का नाहीस? पोरीला शिकवायचं, मला शिकवायचं. रंजना मागून आली आणि म्हणाली, "काका, माय बाभळीच्या ढलप्या वापरे. अर्धओल्या. मले आठवते, मी वेचून आनो." मग आम्ही दोघं नाल्याकडे गेलो. मी कुऱ्हाड चालवली, तिनं ढलप्या ओच्यात घेतल्या. परतताना ती म्हणाली, "बाबानं उद्याबी नाई खाल्लं तं?" मी कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली. ती चांदूर रेल्वेला तिचं घर सोडून, लेकरं सासूकडे ठेवून बापाच्या उशाशी बसली होती.

सकाळी बाजारात मरळ मिळाली. या वेळी घाई केली नाही. ड्रम आतून घासला, कडू धुराचा वास जाईपर्यंत रिकामा तापवला. बाभळीचा धूर धरला, निळसर, बारीक, डोळ्यांना न झोंबणारा. ज्वाळा उठली की पाण्याचा शिंतोडा. मी ड्रमापासून हललो नाही. मरळ पुन्हा त्या चिंधीच्या सळीलाच टांगली. मीठ नाही. आणि मनात एकच धाकधूक, की अळणी मासोळी तो थुंकून टाकणार. ज्याला तुझ्या हातची खारवलेली, झणझणीत सवय, त्याला ही काय लागणार? पण मीठ घालायला हात होईना. माझं खरं करायची ती शेवटची संधी होती, आणि माझं खरं झालं तर दादा उपाशी राहणार होता. अशा पेचात तू कधी पडली होतीस का, वहिनी?

रंजनानं काजळीची साल काढली, काटे काढले, पाठीचं मांस मोकळं केलं, त्यात थोडा कांदा, जवसाचं तेल. मी ताट घेऊन खाटेशी बसलो. दादानं वास घेतला. बोटांच्या चिमटीत एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. चावेना. मी त्याच्या गळ्याकडे पाहत होतो.

गिळला.

"अळनी हाय," मी आधीच म्हणून मोकळा झालो. "मीठ नाई घातलं. तुले चालत नाई."

दादानं दुसरा तुकडा उचलला. "चिंधीकडची हाय," तो म्हणाला.

मला कळलं नाही. रंजना दारात थबकली.

"चिंधीच्या सळीले माही ठेवे ते. बिनमिठाची. दुसऱ्या सळीले उरलेली, टिकवाची, मिठाची." तो हळूहळू चावत होता. "मले मिठाची देल्लीच नाई तिनं. एक डाव बी नाई. मिठाच्या त्या सगळ्या तेच खाये. डोकं, काटे, साऱ्या. टाकाच्या कशाले, मने."

मी त्याच्या घोट्याकडे पाहिलं. खड्डा न राहणाऱ्या त्या घोट्याकडे. आणि मग मला तुझं सुंठ लावलेलं कपाळ आठवलं. मिठाबद्दल मी जे जे सांगत होतो ते सगळं खरं होतं, वहिनी. मी ते एका ताटाकडे बोट दाखवून सांगत होतो आणि मीठ दुसऱ्या ताटात होतं. हे तू मला एकदा, फक्त एकदा बोलली असतीस, तर मी तुझा हात धरून, वाटल्यास रंजनाला धरायला लावून, तो पट्टा बांधला असता.

"मंग तिनं मले सांगतलं काहून नाई?" मी ओरडलोच. "इतके दिवस मी तिले बोलत राहिलो. तू तरी सांगाचं होतं!"

"तिनंच मना केलं होतं." दादानं ताटातला कांदा बाजूला सारला. "मी मनलं होतं तिले, अवं, सांगून टाक गजाले, काहून बोलनं खातं त्याचं? तं मने, नोका सांगू. भाऊजीले भांडू द्या. भांडाले तरी येतात ते दर हप्त्याले. भांडन मिटलं तं येतीन काहाले इकडं?"

रंजना पदर तोंडाशी धरून आत गेली. मी ताट धरून बसलो होतो. दादानं ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि मांडीवर ठेवून खायला लागला. सगळं संपवलं. मग बोटं चाटून म्हणाला, "धूर थोडा कमी पडला. तिचा बरा राहे."

लगेच मी म्हटलं, "बरोबरच आहे. आणखी धरला असता तर काजळी बसली असती." आणि दादा म्हणाला, "तुले काय समजते धुरातलं?" आणि आम्ही दोघं भांडायला लागलो.

तुझ्या चिंधीचा पीळ सैल झाला होता, तो मी घट्ट केला आहे. दुसरी सळी काढून टाकली. पुढच्या आठवडी बाजाराला मी अकोल्याहून येतो आहे.